घेणाऱ्याचा अभिप्राय : व्यावसायिकाने व्यावसायिकाविषयी का लिहावे?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात सत्-असत् परीक्षेची चार साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. रुग्णपरीक्षेच्या संदर्भात आपण सर्वजण या चारही साधनांचा दररोज उपयोग करतो. परंतु औषधी द्रव्याची खरेदी करताना आपल्यापैकी बहुतेकांचा सारा भार एकट्या आप्तोपदेशावर पडलेला असतो. कारण द्रव्य दुकानातून पुडीत किंवा गोणीत येते. त्याचे झाड, माती आणि ऋतू आपण पाहिलेले नसतात. पूर्वी हा आप्त म्हणजे ओळखीचा काष्ठौषधीचा व्यापारी असे, किंवा 'त्याच्याकडून घ्या, माल चोख असतो' असे सांगणारा शेजारच्या गावचा ज्येष्ठ वैद्य असे. आज ती जागा मोबाइलच्या पडद्यावरील तारांकनाने व त्याखालच्या दोन ओळींच्या अभिप्रायाने घेतली आहे. हा नवा आप्त रज-तमापासून कितपत मुक्त आहे, हा प्रश्न विचारण्यासारखा आहेच. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, तो अभिप्राय लिहिणाऱ्यांत आपण कोठे आहोत?

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांचे उदाहरण घेऊ. वेल्हे तालुका आता शासकीय दप्तरी राजगड या नावाने ओळखला जातो. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे, म्हणून येथेही तेच नाव ठेवतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांची ही खोरी. सह्याद्रीचा मुख्य कणा, जोरदार पाऊस आणि डोंगरउतारावरील रान यांमुळे हिरडा, बेहडा, गुळवेल, शिकेकाई, कुडा, मुरुडशेंग अशा द्रव्यांचा हा परिसर आहे. महादेव कोळी, कातकरी आणि गवळी-धनगर कुटुंबांना या वनस्पती नावाने व रूपाने ठाऊक आहेत. शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक औषधी नावारूपाने ओळखतात, हे चरकाचार्यांनी सांगितलेच आहे. त्याच ठिकाणी ते हेही सांगतात की, केवळ नाव वा रूप ओळखल्याने औषधीचा योग जाणता येत नाही. म्हणजे ओळखणारा एक आणि योजणारा दुसरा. दोघांत दुवा हवा.

तो दुवा आज कसा आहे? पुण्यातील एखाद्या लहान औषधशाळेच्या मालकाला बाळहिरडा हवा असेल, तर तो मोबाइलवर शोध घेतो. त्याला नीमचच्या मंडीतील, दिल्लीच्या खारी बावलीतील किंवा मुंबईतील व्यापाऱ्यांची नावे दिसतात, कारण त्यांच्या नावापुढे अभिप्राय आहेत. पाऊणशे किलोमीटरच्या आत हिरड्याची झाडे आहेत. पण तेथून माल गोळा करून वाळवून देणाऱ्याचे नाव त्याला दिसत नाही. याच तालुक्यात दुसरे चित्र पाहा. राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे गावात घरगुती जेवण देणाऱ्या कुटुंबांविषयी पुण्या-मुंबईचे गिर्यारोहक आवर्जून लिहितात. पिठले कसे होते, भाकरी गरम मिळाली का, पहाटे चहा मिळतो का, हे सारे त्यात असते. राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील 'मराठा लष्करी भूदृश्ये' या गटात समाविष्ट झाला, त्यानंतर अशा माहितीची गरज वाढलीच आहे. भाकरीविषयी परका माणूस लिहितो. त्याच गावातून आलेल्या हिरड्याविषयी मात्र जो रोज हिरडा वापरतो तो वैद्य लिहीत नाही.

येथे एक आक्षेप येतो. 'अभिप्राय लिहिणे हे गिऱ्हाईकाचे काम. आपण व्यावसायिक, आपण आपला धंदा पाहावा.' हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण वैद्य आणि औषधशाळेचा मालक हे विकणारे असण्याच्या आधी घेणारे आहेत. कच्ची द्रव्ये, मध, तूप, गूळ, तिळतेल, बाटल्या, झाकणे, लेबलांची छपाई, चूर्ण दळून देणारी गिरणी, पंचकर्माच्या द्रोणी करून देणारा सुतार, माल पोहोचविणारा टेम्पोवाला या सर्वांचे आपण गिऱ्हाईक आहोत. आणि सामान्य गिऱ्हाईक व आपण यांत एक मोठा भेद आहे. रुग्ण औषधाच्या गुणाविषयी सांगू शकेल. पण पुडीतील वावडिंग हे एम्बेलिया राइब्सचे फळ आहे की त्याच कुळातील एम्बेलिया त्सजेरियम-कोट्टमचे, हे त्याला सांगता येणार नाही. अशोकाची साल म्हणून आलेली साल सराका असोकाची आहे की बंगल्याच्या कुंपणाशी लावतात त्या उंच खोट्या अशोकाची, हे ओळखण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. नागकेशराच्या नावाखाली सुरंगीच्या कळ्या आल्या, तर त्याला त्याचा गंधही लागणार नाही. ही परीक्षा ज्याला येते त्याने गप्प राहायचे आणि ज्याला येत नाही त्याने पाच तारे द्यायचे, अशी आजची व्यवस्था आहे.

गुळवेलीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. कोविडच्या साथीत गुळवेलीची मागणी अतोनात वाढली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील कातकरी तरुणांच्या गटाने वनधन योजनेच्या साहाय्याने गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांकडून सुमारे दीड कोटी रुपयांच्या मागण्या मिळविल्या, ही बातमी त्या काळात सर्वत्र गाजली. हा या कथेचा उजवा भाग. दुसऱ्या बाजूला, गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे वृत्तांत २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ च्या फेब्रुवारीत आयुष मंत्रालयाने स्पष्ट केले की, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया सुरक्षित आहे; पण टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या दिसायला सारख्या वनस्पतींशी तिची गल्लत होता कामा नये. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठीगाठींचे उंचवटे असतात. टिनोस्पोरा सायनेन्सिसची पाने लवदार असतात, तर आपल्या गुळवेलीची पाने गुळगुळीत असतात. ओल्या वेलीवर हा भेद डोळ्यांनी दिसतो. वाळवून तुकडे केल्यावर तो सहज दिसत नाही, आणि चूर्णात तर सूक्ष्मदर्शकाखेरीज दिसत नाही. अशा वेळी 'अमुक संग्राहकाने पानांसह ओली वेल आणून दाखविली, मग तुकडे केले' एवढे एक वाक्य जर एखाद्या वैद्याने जाहीरपणे लिहून ठेवले, तर त्याचे मोल पन्नास तारांकनांहून अधिक आहे.

कोणी म्हणेल, हे सर्व शासनाने पाहावे. शासन काही पाहतेही. शेड्यूल टी च्या रूपाने २००० साली उत्तम निर्मिती पद्धतींचे नियम आपल्यावर लागू झाले. कच्चा माल तपासून घेण्याची जबाबदारी त्यानुसार उत्पादकावर आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने 'ई-चरक' हे खरेदी-विक्रीच्या माहितीचे व्यासपीठ उभे केले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मंडळाचे पश्चिम विभागाचे प्रादेशिक सुविधा केंद्र आहे. म्हणजे आपल्या दाराशीच आहे. परंतु निरीक्षक वर्षातून किती वेळा येणार आणि किती गोण्या उघडणार? गोणी उघडतो तो आपण. विश्वासाचा अभाव झाला की काय होते हे आपण पाहिलेच आहे. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २००४ मध्ये बॉस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. सत्तरपैकी चौदा उत्पादनांत शिसे, पारा वा सोमल आढळले. २००८ मध्ये इंटरनेटवरून खरेदी केलेल्या १९३ उत्पादनांची तपासणी झाली व सुमारे एकपंचमांश उत्पादनांत पुन्हा तेच आढळले. त्या अभ्यासांच्या पद्धतीविषयी व निष्कर्षांच्या मांडणीविषयी आपले आक्षेप आहेत, आणि शोधित व मारित रसौषधींचा विचार वेगळा करावा लागतो, हे येथील वाचकांना सांगायला नको. पण त्या यादीबरोबर सर्वांचीच नावे खराब झाली, चोख काम करणाऱ्यांचीही. चोख काम करणारा कोण, हे सांगणारी जाहीर साक्ष त्या वेळी कोणाकडेच नव्हती.

आता अभिप्रायाने खरोखर काही फरक पडतो का, याविषयी. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लुका यांनी २०११ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. येल्प या संकेतस्थळावरील तारांकन एका ताऱ्याने वाढले, की उपाहारगृहाचे उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. आपल्या दृष्टीने त्यातील दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे : हा परिणाम स्वतंत्र, एकांड्या उपाहारगृहांवर दिसला, ज्यांची साखळी व नाव आधीच प्रस्थापित आहे त्यांच्यावर तो दिसला नाही. कारण उघड आहे. मोठ्या नावाला जाहिरात असते. लहानाला केवळ साक्ष असते. उपाहारगृहाचे गणित जसेच्या तसे काष्ठौषधीला लागू करता येणार नाही, पण दिशा तीच असावी, असे माझे मत आहे. भोर-वेल्ह्यातील संग्राहक, नसरापूर-कापूरव्होळ परिसरातील लहान तेलघाणा किंवा कल्क-काढ्यासाठी मातीची व पितळेची भांडी करून देणारा कारागीर यांना आपल्या एका अभिप्रायाने जे मिळेल, ते एखाद्या प्रस्थापित कंपनीला आपल्या शंभर अभिप्रायांनी मिळणार नाही.

यात केवळ परोपकार नाही. ज्या संग्राहकाला चांगल्या मालाचे श्रेय मिळत नाही, तो दोन-चार हंगामांनी चांगला व वाईट माल एकत्र करू लागतो. कच्चा व पक्का हिरडा एकाच भावाने जात असेल, तर निवडण्याचे कष्ट कोण घेईल? बाळहिरडा कोवळा असताना उतरवावा लागतो, नीट वाळवावा लागतो. वळवाच्या सरीत भिजला तर काळवंडतो, बुरशी धरतो. सुरवारी हिरड्यासाठी फळ झाडावर पूर्ण भरू द्यावे लागते. हे सारे श्रम व्यापाऱ्याच्या काट्यावर दिसत नाहीत. ते दिसतात आपल्या खलात. म्हणून ते आपणच सांगायचे. सांगितले नाही तर हळूहळू ते श्रम थांबतील, आणि मग आपल्याच अभयारिष्टाला दोष लागेल. शेजारच्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये राज्यातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. गावाच्या नावाने मध ओळखला जाऊ लागला. अशी ओळख शासकीय योजनेतून एखाद्या गावाला मिळते. बाकीच्यांना ती घेणाऱ्यांच्या शब्दांतूनच मिळवावी लागते.

लिहायचे काय, याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण घोडे बहुधा येथेच अडते. 'फार छान सेवा', 'उत्तम माल', 'एकदा अवश्य भेट द्या' या वाक्यांचा कोणालाच उपयोग नाही. आपण शास्त्राचे विद्यार्थी आहोत. द्रव्याचे वर्णन करण्याची भाषा आपल्याजवळ आहे. द्रव्य कोणते, कोणत्या महिन्यात घेतले, किती घेतले, ओलावा कसा होता, माती-काड्या-खडे किती निघाले, रंग-गंध-रस शास्त्रोक्त होता का, कीड होती का, वजन भरले का, सांगितलेल्या दिवशी आला का, आणि तक्रार केल्यावर विक्रेता कसा वागला. एवढे चार-पाच ओळींत मावते. उदाहरणार्थ : 'मे महिन्यात दहा किलो बाळहिरडा घेतला. फळे एकसारखी, कडक वाळलेली, फोडल्यावर आत काळी व बुरशीरहित. देठ-काड्या पाव किलोच्या आत. एक गोणी ओलसर निघाली, ती विनातक्रार बदलून दिली.' असा अभिप्राय वाचणाऱ्या दुसऱ्या वैद्याला निर्णय घेता येतो. 'एक गोणी ओलसर निघाली' हे वाक्य त्यातून गाळू नये. त्याच वाक्यामुळे उरलेला मजकूर खरा वाटतो. आणि मराठीत लिहावे. गोणी भरणाऱ्या माणसाला आपल्याविषयी काय लिहिले आहे हे स्वतःला वाचता आले पाहिजे.

कोणाविषयी लिहू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. स्वतःच्या दुकानाविषयी, स्वतःच्या नातलगाच्या दुकानाविषयी आणि स्पर्धकाविषयी लिहू नये. गूगलच्या नकाशासेवेचे नियमही हितसंबंध गुंतलेल्या अभिप्रायांना मज्जाव करतात. 'तुम्ही माझ्याविषयी लिहा, मी तुमच्याविषयी लिहितो' असा सौदा करू नये. सवलतीच्या बदल्यात तारे देऊ नयेत. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले, ते प्रारंभी ऐच्छिक स्वरूपात. लिहिणारा खरा व शोधता येण्याजोगा असावा, विकत घेतलेले अभिप्राय नसावेत, हा त्याचा गाभा आहे. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणाऱ्याचा व्यवसायाशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करणे त्यानुसार आवश्यक आहे. अमेरिकेत बनावट अभिप्रायांवर दंडाची तरतूद असलेला नियम २०२४ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. वारे कोणत्या दिशेने वाहत आहे, हे यावरून दिसते.

वैद्यांसाठी आणखी एक मर्यादा आहे, आणि ती ओलांडण्याचा मोह मोठा असतो. अभिप्राय द्रव्याविषयी, सेवेविषयी व व्यवहाराविषयी असावा. रोग बरा होण्याविषयी नसावा. 'या कंपनीच्या वटीने माझ्या रुग्णांचा मधुमेह गेला' असे लिहिणे टाळावे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, स्थूलता यांसह ५४ विकार आहेत. असा मजकूर औषधशाळेने उचलून स्वतःच्या पत्रकात छापला की ती जाहिरातच झाली, आणि खाली आपली पदवी. रुग्णाचे नाव, गाव, व्याधी यांचा उल्लेख तर कोणत्याही सबबीवर येऊ नये. पेटंट औषधाला पदवी लावून प्रशस्तिपत्र देणे निराळे आणि घेणारा म्हणून कच्च्या मालाची साक्ष देणे निराळे. पहिले आपल्या नीतीत बसत नाही. रुग्ण मिळविण्यासाठी स्वतःची जाहिरात करू नये, हे बंधन १९८२ च्या आचारसंहितेपासून आपल्यावर आहे. ज्याला स्वतःविषयी बोलता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या कामाविषयी बोललेले लोक अधिक विश्वासाने ऐकतात, ही त्यातली एक गमतीची बाजू.

प्रतिकूल अभिप्रायाचे काय? काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मागविलेल्या शतावरीत निम्मी मुळे पोकळ व किडलेली निघाली. दूरध्वनी केल्यावर 'सगळीकडे असाच माल आहे' असे उत्तर मिळाले. अशा वेळी संताप येतो, आणि संतापात लिहिलेला मजकूर वैद्याला शोभत नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात संभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत, संधाय आणि विगृह्य. विक्रेत्याशी आधी संधाय संभाषा करावी : छायाचित्र पाठवावे, माल बदलून मागावा, आठ दिवस वाट पाहावी. त्यानंतर लिहावे, आणि जे पाहिले तेवढेच लिहावे. 'मुळे पोकळ होती' हे निरीक्षण आहे. 'हा विक्रेता लबाड आहे' हा आरोप आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे. लोकहितासाठी सांगितलेले सत्य हा त्यास अपवाद आहे. पण ते सत्य सिद्ध करण्यासाठी पावती, मालाचा नमुना व छायाचित्र जपून ठेवलेले असावे. विक्रेत्याने पुढे सुधारणा केली, तर अभिप्रायातही दुरुस्ती करावी. जुना दोष वर्षानुवर्षे त्याच्या नावावर चिकटून राहणे अन्यायाचे आहे.

एक धोका मात्र असा आहे की, ज्याची चर्चा या विषयावर बोलणारे सहसा करीत नाहीत. कौतुक झाले की मागणी वाढते आणि मागणी वाढली की रान ओरबाडले जाते. अशोक, सप्तरंगी, नरक्या यांची झाडे सह्याद्रीत कशी कमी झाली हे आपण जाणतो. साल व मूळ काढले की झाडच जाते. त्यामुळे अभिप्रायात विक्रेत्याचे किंवा गटाचे नाव जरूर द्यावे, पण झाडे नेमकी कोणत्या डोंगरात, कोणत्या देवराईजवळ आहेत, याचा उल्लेख करू नये. फळे, बिया, पाने यांच्या संग्राहकांविषयी मोकळेपणाने लिहावे; मुळे व साली यांच्याविषयी हात राखून. गौण वनोपजांवर २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचा हक्क मान्य केला आहे. संग्राहक अशा गटाचा सदस्य असेल आणि फांद्या न तोडता, काही फळे झाडावर राखून माल उतरवीत असेल, तर ही गोष्ट मालाच्या प्रतीइतकीच लिहिण्याजोगी आहे. मंडळाची औषधी वनस्पतींच्या उत्पादनासाठीची ऐच्छिक प्रमाणीकरण योजना आहे. ते प्रमाणपत्र कोणाकडे असल्यास त्याचाही निर्देश करावा.

अडचण उरते ती ज्यांच्याविषयी लिहायचे, ते नकाशावर नाहीत याची. कानंद खोऱ्यातील किंवा वरंध घाटाकडील वाड्यांतील संग्राहकाला दुकान नाही, पाटी नाही. काही ठिकाणी मोबाइलला रेंजही नाही. अशा वेळी तालुक्याच्या गावातील ज्या दुकानात किंवा बचतगटाच्या केंद्रात तो माल आणून देतो, त्या ठिकाणाची नोंद करून घ्यावी. नोंद करणे मालकाच्या संमतीने व त्याच्याच फोनवरून व्हावे, म्हणजे पुढे येणाऱ्या प्रश्नांना तोच उत्तर देऊ शकेल. भोर, नसरापूर व वेल्हे बुद्रुक येथील औषधी दुकानदार सभासदांनी हंगामाच्या सुरुवातीस एक दुपार यासाठी दिली तरी पुरेसे आहे. बाळहिरड्याचा हंगाम उन्हाळ्यात असतो. त्याआधी फाल्गुनात हे काम झाले, तर पहिली गोणी येईल तेव्हा तिच्याविषयी लिहायला जागा तयार असेल.